मागची गाडी

“मागे कोण आहे ते आधी पाहा,” असं म्हणत ते आरशाला बोट लावायचे. गाडी सुरू करताना, लेन बदलताना, आणि कुणी नवी नोकरी धरली किंवा नवं घर घेतलं असं कळलं की तेव्हासुद्धा. तेव्हा समोर आरसा नसायचा, पण बोट तसंच वर जायचं.

ते आणि मी एकाच ऑफिसातले. आम्ही दोघं अमेरिकेतल्या कॅरी गावात एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहायचो आणि त्यांच्या राखाडी गाडीतून ऑफिसला जायचो. तुमच्यापैकी कुणी त्या वर्षांत आय-फॉर्टी हायवेवर हळू गाड्यांच्या उजव्या लेनमधून पंचावन्न मैलांनी चाललेल्या गाडीला हॉर्न मारला असेल, तर आत आम्हीच होतो. मी कधी चुळबूळ केली तर ते म्हणायचे, “ऑफिस काय पळून जाऊन राहिलं का?”

असा हा नागपूरचा माणूस स्टॉक कार रेसिंगसाठी अक्षरशः वेडा होता. दर रविवारी आम्ही शेजारच्या बिलीच्या गॅरेजमध्ये रेस बघायला जायचो. बिली रिटायर्ड मेकॅनिक. एका बाजूला त्याचे उकडलेले शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला यांचा घरचा चिवडा, आणि मध्ये भांडण. भांडण ठरलेलं असायचं. सगळ्यात मोठ्या, सगळ्यात वेगवान ट्रॅकवर गाड्या फार पळू नयेत म्हणून इंजिनाची हवा कमी करणारी भोकांची पट्टी बसवतात. बिली म्हणायचा, ती पट्टी काढून फेका, ज्याच्यात दम आहे तो पळेल. या पट्टीपायी सगळ्या गाड्या एका वेगाच्या होतात, घोळक्यात चालतात आणि एक घसरली की वीस गाड्यांचा चुराडा होतो.

ते हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे. मग टेबलावर तीन वाट्या एकामागे एक मांडायचे. पुढची वाटी हवा कापते, मागची तिला चिकटून चालते. दोघी मिळून एकटीपेक्षा जोरात जातात. पण मागची वाटी बाजूला झाली आणि तिसरी तिच्यामागे गेली, की पहिली एकटी पडते. मग इंजिन कितीही चांगलं असो, घोळका तिला गिळून मागे टाकतो.

“पट्टी नसली की इंजिन कळतं,” ते म्हणायचे. “पट्टी असली की माणूस कळतो.”

एका ऑक्टोबरात बिलीच्या व्हॅनमधून आम्ही अलाबामातल्या ट्रॅकवर गेलो. शेवटच्या लॅपला पहिल्या नंबरवर असलेल्या गाडीला मागच्याने सोडलं. बघता बघता ती अठराव्या नंबरवर गेली. आजूबाजूला लाखभर माणसं ओरडत होती. यांनी कानावरचा हेडफोन काढला आणि एकच शब्द उच्चारला.

“साठे.”

साठे कोण, हे सांगायला हवं. दोन हजार दोन साली मी, ते आणि साठे शेजारच्या रॅली शहरातल्या एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत होतो. तिघंही व्हिसावर, तिघांचे ग्रीन कार्डाचे अर्ज कंपनीच्या नावावर रांगेत. काम आटलं तेव्हा मालक एकेकाला आत बोलावून विचारणार होता, तिघांतला कोण कमी केला तर चालेल? आदल्या दिवशी जेवताना आम्ही ठरवलं, कुणीही नाव घ्यायचं नाही. साठे पहिला आत गेला आणि त्याने यांचं नाव घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मालक म्हणाला, तसं ठरलंच आहे, तुला काही म्हणायचं आहे का? मी नाही म्हणालो.

यांची नोकरी गेली, अर्ज गेला, तीन वर्षांची रांग गेली. बायको आणि मुलगी नागपूरला परतल्या. मुलीची शाळा एकदा तिथे रुळल्यावर त्यांना परत आणणं लांबतच गेलं. पुढे यांना जवळच्या रिसर्च पार्कातल्या एका कंपनीत नोकरी मिळाली, मलाही तिथेच मिळाली. जुनी कंपनी तर सहा महिन्यांत बंदच पडली. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. “तू तिसरी वाटी,” म्हणायचे. “तू फक्त लाइनीत गेला.” हे ऐकून मला बरं वाटायचं, याची आज लाज वाटते.

साठ्यावर मात्र त्यांचा राग रोजच्या व्यायामासारखा नियमित होता. गणपतीत साठे भेटला की ते त्याच्याशी गोड बोलायचे, मुलांची चौकशी करायचे आणि गाडीत बसल्यावर म्हणायचे, “शेवटच्या लॅपपर्यंत त्याच्या मागेच राहायचं. आधी हलायचं नाही.”

ती लॅप दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आली. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या तारखा एकदम सगळ्यांना खुल्या झाल्या आणि जेमतेम महिनाभरात कागद द्यायचे होते. माझा अर्ज तयार होता, साठ्याचाही. यांच्या नव्या अर्जाची पहिली पायरीच झाली नव्हती, म्हणून ती खिडकी यांच्या समोरून बंद होणार होती. आणि साठ्याच्या वकिलाने सांगितलं की बंद पडलेल्या कंपनीतल्या अनुभवासाठी तिथल्या एका सहकाऱ्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागेल. बाकीचे लोक पांगले होते. उरलो आम्ही दोघं.

साठ्याने यांना फोन केला. हे अगदी प्रेमाने हो म्हणाले. मग रविवारी बिलीच्या गॅरेजमध्ये मला म्हणाले, “शेवटच्या दिवसापर्यंत आज देतो, उद्या देतो. आणि त्या दिवशी फोनच उचलायचा नाही. तुलाही विचारेल. तू फक्त माझ्या मागे राहा.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. साठ्याला एकदा तरी धूळ चाटताना बघायचं होतं मलाही.

तीन आठवडे यांच्या मागे साठे हेलपाटे घालत होता आणि हे गाडीत शीळ घालत होते. इतकं आनंदी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग एका शनिवारी साठ्याची बायको आमच्या दारात आली. आमचा मुलगा झाला तेव्हा माझ्या आईला व्हिसा मिळाला नव्हता, आणि या बाईने महिनाभर डबा आणि डिंकाचे लाडू पाठवले होते. ती काहीच मागत नव्हती, नुसती सोफ्याच्या कडेला बसली होती. सोमवारी लंच टाइममध्ये मी बँकेत जाऊन नोटरीसमोर सही केली.

यांना मी काही सांगितलं नाही. साठ्याने सांगितलं. फोन करून म्हणाला, राहू दे आता, तुझी गरज नाही, कागद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखाडी गाडी मला न घेता गेली. रविवारी गॅरेजमध्ये तिसरी खुर्ची घडी करून भिंतीला लावलेली होती.

आता माझा मूर्खपणा ऐका. त्याच कंपनीतल्या अनुभवाचा तसलाच कागद मलाही लागणार होता, आणि मी तो साठ्याकडून घेणार होतो. त्याला मी दिला, तो मला देईल, एवढा साधा हिशोब. शेवटच्या आठवड्यात साठे म्हणाला, “सॉरी यार, माझा लॉयर म्हणतो, आता दुसऱ्या कुणाच्या केसमध्ये पडू नकोस.” मी फोन हातात धरून ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये उन्हात उभा राहिलो. मी कितव्या नंबरवर गेलो होतो, ते मला चांगलं कळत होतं. आणि यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार?

मुदतीच्या दोन दिवस आधी माझ्या दाराखालून एक पिवळा लिफाफा आत आला. त्यात माझ्या अनुभवाचं प्रतिज्ञापत्र होतं, शिक्क्यासकट. मी काय काम करायचो, किती वर्षं, सगळं अचूक. तारीख बघितली. ‘कागद झाला’ म्हणून साठ्याने यांना फोन केला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. साठे मला सोडणार, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. कागदावर चिठ्ठी चिकटवलेली होती. “मागे कोण आहे ते आधी पाहायचं असतं.”

मी धावत त्यांच्या दाराशी गेलो. आत टीव्ही चालू होता, इंजिनांचा आवाज येत होता. मी बेल वाजवली. आवाज थोडा मोठा झाला.

साठ्यावर ठेवलेला सूड माझ्यावर निघाला, आणि तो असा निघाला की मला तक्रारही करता येईना. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, मग कधीतरी चिवडा खाल्ला असता. त्याच थंडीत ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला नवी नोकरी धरून गेले. माझे फोन त्यांनी उचलले नाहीत, ई-मेलला उत्तर दिलं नाही. साठे गणपतीत प्रसाद वाटतो. मी तो घेतो आणि त्याच्यादेखत दुसऱ्याच्या मुलाच्या हातावर ठेवतो.

पुढच्या वर्षी माझं कार्ड आलं. त्या दिवशी मी आय-फॉर्टीवर उजव्या लेनमध्ये होतो आणि वेग पंचावन्न होता. मागून कुणीतरी हॉर्न मारला. मी आरशात बघितलं. एक राखाडी गाडी होती, तीही बाजूने निघून गेली.