पुढच्या डिकीतलं लिंबू

निवृत्त झाल्यावर माणूस शहाणं होतं म्हणतात. मी इलेक्ट्रिक गाडी घेतली.

या गाडीला इंजिन नसतं, म्हणून बॉनेटखाली सामान ठेवायला एक डिकी असते. हे शोरूममध्ये कळलं आणि गाडीपेक्षा त्या डिकीचाच मला जास्त आनंद झाला. अडचण एकच होती. झाकण हातानं उचलायचं आणि दोन्ही हातांनी दाबून बंद करायचं, आणि माझा उजवा खांदा फळ्यावर लिहून लिहून कामातून गेलेला. मग कुणीतरी सांगितलं की उद्यमनगरात माझाच एक जुना विद्यार्थी किट मागवून झाकणाला मोटर बसवून द्यायचं काम सुरू करतोय. रिमोटचं बटण दाबलं की झाकण आपोआप वर जातं, पुन्हा दाबलं की खाली येतं. खांद्याचं कारण खोटं नव्हतं. पण आमच्या गल्लीत कुणाकडे नाही ते आपल्याकडे असावं, ही हौस त्याहून मोठी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तो विद्यार्थी आता चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, केस पांढरे झालेला. सगळी उमर इंजिनं उघडण्यात गेलेली. बिनइंजिनाच्या गाड्या यायला लागल्या तसं त्याचं काम कमी होत गेलं, आणि रडत बसण्यापेक्षा त्यानं हे नवीन काम मोबाईलवर बघून बघून शिकून घेतलं. माझी गाडी त्याची पहिली. दोन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती त्याला. झाकण पहिल्यांदा आपोआप उघडलं तेव्हा तो माझ्या पाया पडला, आणि गाडीशेजारी मला उभी करून काढलेला फोटो त्यानं गॅरेजच्या भिंतीवर लावला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या बाईंची गाडी हाय ही. सायन्स शिकवायच्या आमाला."

सायन्स शिकवायचे हे खरं आहे. दरवर्षी मी वर्गात एक प्रयोग करायची. चाकूच्या पात्याला जास्वंदीचा रस लावून वाळवायचा आणि त्यानं लिंबू कापायचं. लालभडक थेंब गळायचे, पोरं किंचाळायची. मग मी सांगायची, यात भूत नाही, करणी नाही, नुसतं आम्ल आहे. लिंबाला घाबरणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर हसत आले. एका वर्षी या प्रयोगाला लिंबू हातात धरून उभा राहिलेला मुलगा म्हणजे हाच गॅरेजवाला.

आणि गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांत मी काय केलं? शेजारीण म्हणाली, "बाई, लई लोकं बघत्यात हो गाडीकडं. दृष्ट लागंल." मी तिला हसले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. भाजी घ्यायला म्हणून गेले आणि कोपऱ्यावरच्या बाईकडून लिंबू-मिरची घेऊन आले. तारेत ओवलेली, खाली काळा बिब्बा. पुढच्या नंबरप्लेटला बांधायची तर गल्ली बघणार, माझे विद्यार्थी बघणार. म्हणून मी ती डिकीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी लपवून टांगली. तार अडकवायला जागा सापडली ती नेमकी झाकणाच्या कुलपाजवळ. टांगली आणि विसरून गेले.

महिन्याभरानं आमच्या घरी भिशी होती. बायका जमल्या, पोहे झाले, आणि मी सगळ्यांना अंगणात गाडी दाखवायला नेलं. बटण दाबलं, झाकण ऐटीत वर गेलं. पुन्हा दाबलं. झाकण खाली आलं, टेकलं, कुरकुरलं आणि परत वर गेलं. मी पुन्हा बटण दाबलं, ते पुन्हा वर. चार वेळा झालं. एक जण म्हणाली, "बाई, तुमची गाडी जांभया देत्या की!" सगळ्या खिदळल्या. मीही हसले, पण आतून नुसता जाळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण सुतळीनं बांधून मी गॅरेजवर गेले. तिथं तीनचार माणसं होती. एक शिरोलीचे कारखानदार होते, आपल्या कारखान्यातल्या चार गाड्यांना हेच किट बसवून घ्यायचं ठरवून आलेले. हे मला ठाऊक होतं, कारण त्यानंच आदल्या आठवड्यात मोठ्या उत्साहानं फोन करून सांगितलं होतं, "बाई, चार गाड्यांचं काम मिळालं तर आपलं बस्तान बसलं बघा." ते माहीत असूनही मी तोंड आवरलं नाही.

"वर्गात अर्धवट होतास, अजून अर्धवटच आहेस!" मी दारातूनच सुरू केलं. "जमत नाही तर लोकांच्या गाड्या कशाला खराब करतोस? उद्या कुणाची बोटं तुटली म्हणजे?"

माझा आवाज शाळेच्या मैदानाला पुरायचा. गॅरेज ते केवढं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या पोराबाळांच्या वयाची माणसं कामाला होती तिथं, पण बाईंना उलट बोलायचं नाही हे त्याच्या अंगात भिनलेलं. त्यानं सुतळी सोडली, कुलपात बॅटरी मारून बघितलं आणि पक्कड घातली. पकडीत एक वाकडीतिकडी तार आली. तिला काळा बिब्बा होता आणि वाळक्या मिरचीचं एक देठ.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग त्यानं मूठ मिटली.

"माझंच चुकलं, बाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कुलपाचं फिटिंग सैल राहिलतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ही तार माझी आहे, एवढंच. पण मी वर म्हणाले काय, तर "पुढच्या वेळी नीट बघत जा." कारखानदार चहाचा कप खाली ठेवून निघून गेले. "दोन मिनटं थांबा, बाई," म्हणून त्यानं आत काहीतरी ड्रिल केलं. मला वाटलं, उगाच नट आवळून दाखवतोय.

आठ दिवस मी ती डिकी उघडली नाही. नवव्या दिवशी आजऱ्याहून भाचीनं तांदळाची पिशवी पाठवली, ती एस.टी. स्टँडवर उतरवून घेतली आणि डिकीत ठेवायला बटण दाबलं. आत डाव्या कोपऱ्यात, कुलपापासून चांगला हातभर लांब, त्यानं एक छोटा हूक बसवला होता. त्याला माझीच तार सरळ करून, पुसून अडकवली होती. नवीन लिंबू ओवता येईल अशी.

त्या हुकाकडे बघून मला इतकी लाज वाटली की झाकण लावून, तांदूळ मागच्या सीटवर टाकून मी गाडीत जाऊन बसले.

तिथून मी तडक शिरोलीला गेले. कारखानदारांना सगळं सांगितलं, लिंबासकट. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "आवो बाई, माझा पुतण्या तुमच्या हाताखाली शिकलाय. दुसरं कोण बोललं असतं तर म्या कानावर घेतलं नसतं. तुम्ही खोटं बोलत न्हाई, म्हणून तर काम दुसरीकडं दिलं. आता बसवूनबी झालं की."

परत येताना गॅरेजवर थांबले. तो एका गाडीखाली होता. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्यासमोर, त्या दिवशी काढला होता तेवढाच आवाज काढून म्हणाले, "तार माझी होती. तुझं काम चोख होतं. चूक माझी होती, आणि मला तेव्हाच कळलं होतं."

तो गाडीखालून बाहेर आला. चिंधीला हात पुसत राहिला. माझा तो फोटो भिंतीवर तसाच होता.

"जाऊ दे की, बाई," तो म्हणाला. मग जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यानं हळूच विचारलं, "हुकाला नवं लिंबू लावलं न्हवं? आमुशा झाली परवा."

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं.