गुड मॉर्निंगनंतर ती थांबायची

टांझानियाहून आलेली ती मुलगी माझ्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रकल्प करायची. रोज सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणायची आणि मग जरा वेळ तिथंच उभी राहायची. मी हसायची, मान डोलवायची, पुन्हा पेपर तपासायला लागायची. पोरीला वळण चांगलं आहे, असं घरी आईलाही सांगितलं होतं.

आमचा विभाग नव्या रायपुरात. तिथं सगळा कारभार तोंडी, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. पोट्टे सरळ आत घुसतात, "मॅडम, साइन कर दीजिए" म्हणतात. मी करवादते, सही करते, संपलं. ग्रुपवर खाजगी काही टाकायचं नाही, हा नियमही माझाच. विद्यापीठानं दिलेला एक ईमेल आहे, माहितीपुस्तिकेत माझ्या नावापुढं छापलेला. तो कोण उघडतो? मला पासवर्डसुद्धा आठवत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. ऑफिसातले बाबू म्हणाले, "वो तो चली गई, मॅडम. व्हिसा नहीं बढ़ा." मला रागच आला. भातपिकावरचा प्रकल्प अर्धा टाकून गेली, आणि जाताना सांगायचीही रीत नाही! स्टाफरूममध्ये चारचौघांत मी तसं बोललेही. त्याची आज लाज वाटते.

पुढं तपासणीसाठी जुने ईमेल काढून ठेवा असा हुकूम आला. बाबूंनी नवा पासवर्ड करून दिला. उघडून बघते तर तिचे सात ईमेल, एकही मी वाचलेला नव्हता. पहिल्यात लिहिलं होतं की व्हिसा वाढवायला मार्गदर्शकाचं पत्र लागतं, महिनाअखेरपर्यंत मिळालं तर बरं होईल. दुसऱ्यात तेच, जास्त अदबीनं. तिसऱ्यात, माझं काही चुकलं असेल तर माफ करा. शेवटचा अगदी छोटा होता. 'मी रोज दारात येऊन उभी राहते. तुम्ही हसता आणि काही बोलत नाही. त्यावरून मी उत्तर समजले. आता त्रास देणार नाही.'

पाच ओळींचं पत्र. दहा मिनिटांचं काम होतं.

जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या घरी येऊन आईजवळ रडले. म्हटलं, "समोर उभी राहत होती, मग तोंडानं काहून नाही सांगितलं तिनं?"

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तू आपल्या बाबांले कोणती गोष्ट दोनदा मागितली का? एकदा सांगत होती, मंग दारात उभी राहत होती. त्यायले बरोबर समजत होतं."

शाळेच्या सहलीसाठी मी तीन दिवस बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहिले होते, ते मला त्या क्षणी जसंच्या तसं आठवलं.

त्याच दिवशी तिला उत्तर लिहिलं, माफी मागितली. ईमेल परत आला. तिचं विद्यापीठाचं खातं बंद झालं होतं, इथला मोबाइल नंबरही. दुसरा पत्ता ऑफिसातही मिळाला नाही.

आता सकाळी दहाच्या सुमाराला माझं लक्ष दाराकडेच असतं. कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की मी लगेच विचारते, "काही पाहिजे का, बाळा?" पोरं हसतात, म्हणतात, "नहीं मॅडम, बस ऐसे ही." काल दारात कोणीच नव्हतं. तरी मी विचारलं.