हैदराबाद ते नागपूर, दोन तास

माघातली सकाळ होती. मळ्यावर ओल्या मेथीचा कडसर वास दाटला होता आणि विहिरीवरची मोट गप्प होती, कारण ती हाकणारे माझे बाबा ओसरीवर विषमज्वराने निपचित पडले होते. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी आदल्याच दिवशी आशा सोडली होती. बाबांची एकच इच्छा उरली होती. हैदराबादला नोकरीस असलेला माझा थोरला भाऊ त्यांना डोळे भरून पाहायचा होता.

काका सायकलवरून तार घेऊन आले. भावाच्या साहेबांनी दयेपोटी त्याला विमानाचे तिकीट काढून दिले होते आणि तो त्याच सकाळी निघणार होता. नागपूर तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी. विमान तिथे उतरत असे. हैदराबादेहून तिथवर दोनच तास लागतात, असे काकांनी सांगितले. आईने पुढचे काही ऐकलेच नाही.

"दोन घंटे जीव धरून ठेवा," ती बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली. "पोरगं येऊन राह्यलं."

मग तिने खळ्यावर पाणी शिंपडले, बाबांचे धुतलेले पांढरे धोतर त्यावर अंथरले आणि चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. वरून जाताना त्याला आपले घर ओळखू यावे, एवढाच तिचा हिशेब होता. शेजारच्या मळ्यातली काकू कुंपणापाशी थबकली. "इमानाले बसाले धोतर टाकलं का वं, बाई?" असे म्हणून ती हसली, मग आईचा चेहरा पाहून तिने स्वतःच एक जड दगड आणून मधोमध ठेवला.

आम्ही दक्षिणेकडे पाहत राहिलो. उजेडाने डोळ्यांतून पाणी वाहू लागले. वांग्याच्या फुलावर भुंगा गुणगुणला तरी आई पदर सावरून उठे. त्या विमानाची वाट आमच्यापासून कितीतरी पूर्वेला होती, हे मला पुढे नकाशात दिसले.

दुपार कलली तेव्हा बाबांनी डोळे उघडले. जन्मभर बैलगाडीतून भाजी बाजारात नेलेल्या त्या माणसाला अंतर बैलांच्या धापेवरून कळत असे.

"नागपूरहून पुढं कायनं येते?" त्यांनी विचारले.

पुढे मूर्तिजापूरपर्यंत आगगाडी होती, मग कारंज्यावरून मोटार, मग धुळीची पायवाट. ते सकाळपासून सगळ्यांना ठाऊक होते. आईने ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपले आणि तुम्ही बोलू नका, असे सांगितले. त्या ओठांना तापाचा, तांब्याच्या भांड्यासारखा वास येत होता.

दिवेलागणीला त्यांचा श्वास थांबला. सकाळपर्यंत वाट पाहून काकांनी अग्नी दिला.

भाऊ दुपारी आला. भुवयांवर मोटारीची धूळ, अंगात इस्त्रीचा सदरा. दोन तास, दोनच तास लागले, असे तो भ्रमिष्टासारखा पुन्हा पुन्हा सांगत होता. आई त्याचा हात धरून त्याला खळ्यापाशी घेऊन गेली. धोतर तसेच पसरलेले होते.

"वरून हे दिसलं का रे, बाप्पा?"

भावाने त्या धोतराकडे पाहिले. "दिसलं, माय."

"मंग उतरला काहून नाई?"

तो खाली बसला आणि मधला जड दगड उचलू लागला. तो त्याच्याने उचलेना.