भिवंडीत एक घाटी

"नानांना येऊन विचार, नाहीतर विसर," वर्षाने मला बजावलं. नाना म्हणजे तिचे वडील, भिवंडीच्या शाळेतले मास्तर. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, घाटावर मुलगी देणार नाही. आणि मी पक्का सिन्नरचा! नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, नाशिकला आम्ही एकाच ऑफिसात होतो आणि मी इतका हवेत होतो की भिवंडी मला थंड हवेचं ठिकाण वाटत होती.

रविवारी सकाळी नाशिकहून एसटी पकडली. इगतपुरीला उतरून गरम वडा खा, तो चुकवू नका. कसारा घाट उतरताना मी नुसता हसत होतो. शेजारी पडघ्याचे एक काका होते.

"घाटी हाय ना तू?"

"नाशिक जिल्ह्यातला," मी फुरंगटून म्हणालो.

"म्हंजे घाटीच की! कसाऱ्याच्या वर सगले घाटी. शिवी न्हाय रे ती."

मला पटलं नाही. मुंबईत आमच्या मामाला हाच शब्द गावंढळ या अर्थाने रोज ऐकावा लागायचा. पडघ्याला काका उतरले. तिथे तेव्हा दोन्हीकडे भातशेती होती. आता गेलात तर गोदामं दिसतील.

स्टँडवरून रिक्षा केली. गल्लीत शिरताच लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट सुरू झाली ती थांबेचना. नानांच्या घरात, शनिवारीच आलेल्या वर्षासकट, सगळे सहज ओरडून बोलत होते. जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी बोंबलाचा काटा सोडवत बसलो, अगदी मन लावून.

"अरे, तो मऊ असतो, काट्यासकट खातात!" नाना गरजले. "घाटी तो घाटीच!"

वर्षा पदराआड हसत होती. माझे कान तापले. आता नाही तर कधीच नाही, म्हणून लूमच्या वर आवाज चढवत मी जीव तोडून ओरडलो, "नाना, मला वर्षाशी लग्न करायचंय!"

नेमके 'नाना'नंतर लाइट गेले. लूम थांबले. उरलेलं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. समोरच्या खिडक्यांत डोकी जमली. शेजारचे लूममालक हमीदचाचा, तिथले जुने कोकणी मुसलमान, दारात येऊन म्हणाले, "मास्तर, आख्ख्या मोहल्ल्यानं ऐकलंय. आता न्हाय कसं म्हणणार?"

नानांनी हात धुतले, चपला घातल्या आणि "चला, गाडी चुकेल" एवढंच म्हणाले. रिक्षात मी मेल्यासारखा बसलो होतो. स्टँडवर त्यांनी माझी बॅग स्वतः उचलून कंडक्टरच्या हातात दिली.

"आमचे घाटी जावई आहेत. खिडकीशी बसवा."

पुढचा प्रवास मला आठवत नाही. घाट चढताना मी मोठमोठ्याने गात होतो, असं वर्षा आजही लोकांना सांगते, आणि ती तर गाडीत नव्हतीच!

घरी आईने नाक मुरडलं. "कोकणी? भात आणि मासळी खाणारी माणसं ती! कधी आपली होतात का?" हा सूर मी ओळखला आणि पहिल्यांदाच नानांच्या वतीने मला राग आला.

"आणि ते आपल्याला काय म्हणतात रे?" तिने विचारलं.

"घाटी," मी म्हणालो. "मला जावईपण म्हणाले."

आई मग म्हणाली, "ती बोंबील खाते, तर ते करायचे कसे ते विचारून घे."