पिको-फॉलवाली विजयश्री

देव घासायला घेतले होते. बाळकृष्ण आणि घंटा चिंचेनं लखलखीत झाली होती, अन्नपूर्णा अजून काळीच होती, तेवढ्यात विजयश्री दारात आली. हातात माझी मोरपंखी साडी, फॉल लावून आणलेली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "नको काकू, इथूनच देते." माझे हात चिंचेचे, म्हणून साडी खुर्चीवर ठेवायला सांगितली. देव तसेच ताटात राहिले.

आमच्या भोसरीच्या गल्लीत ही बाई दोन वर्षं पिको-फॉलवाली म्हणूनच ठाऊक. खांद्याला कापडी पिशवी, घरोघर जायचं, साड्या न्यायच्या, आठवड्यानं आणून द्यायच्या. खरं काम निराळंच. ती एका संस्थेत समाजसेविका. ज्या घरात मनाच्या आजाराचं माणूस असेल तिथं जायचं, गोळ्या चालू आहेत ना बघायचं, दवाखान्याच्या तारखेला सोबत जायचं, घरच्यांना समजवायचं.

पूर्वी ती संस्थेची बॅग अडकवूनच फिरायची. पण जिथं जायची तिथली खोली महिन्याभरात खाली व्हायची. मालक म्हणायचे, "वेड्याला ठेवायला बांधली का आम्ही खोली?" मग तिनं पिशवी बदलली. कुणाला शंका नको म्हणून आमच्यासारख्यांच्या साड्याही न्याव्या लागायच्या. तिला स्वतःला सुईत दोरा ओवायचा कंटाळा. सगळं बाजारातल्या पिकोवाल्याकडे टाकायची. मी एकदा कुरकुरले, "टाके फार सैल घालतेस गं." तर निमूट म्हणाली, "पुढच्या वेळी घट्ट घालते, काकू."

पिंपरीच्या कामगार वस्तीतल्या बौद्ध घरातली ही मुलगी. वडील कंपनीत फिटर. समाजकार्याचं शिकली आणि पहिली नोकरी लागली ती हीच. "आवड वगैरे काही नव्हती," सरळ सांगते. "शाळेत जागा मिळाली असती तर शाळेत गेले असते." नंतर मात्र सोडून गेली नाही. स्थळं आली तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, वेड्यांत वावरते, पुढं पोराबाळांवर परिणाम नाही ना होणार? त्यानंतरच्या स्थळाला तिनंच नकार कळवला. आता केस पिकलेत, गुडघे बोलतात, जिने चढणं सुटत नाही.

आमच्या समोरच्या चाळीत बीडकडच्या सोजरबाई आणि त्यांचा लेक नवनाथ राहायचे. नवनाथ चाकणला ठेकेदाराकडून प्रेस मशीनवर. गावाकडे असताना त्याला कानात आवाज यायचे, कुणी नसताना भांडायचा. विजयश्री आमच्या गल्लीत येऊ लागली ती त्याच्यासाठीच. तिनं त्याला गोळ्यांवर टिकवून धरलं. पोरगा सुधारला, शिफ्ट चुकवेना, कंपनीत कायम करायची बोलणी सुरू झाली. तिनं मायलेकांना एकच बजावलं होतं, हे कुणाला कळू देऊ नका, कळलं तर नोकरी गेली समजा.

सोजरबाईंनी ते पाळलं. फक्त देवापासून लपवलं नाही.

मंदिरात सप्ताह बसला. आमच्याकडे अन्नदान कुणाचं आणि कशाबद्दल, हे दोन्ही माइकवरून सांगायची रीत आहे. नातू झाला, घर झालं, पोरगं पास झालं. सोजरबाईंचा नवस होता. भजनी मंडळाच्या कोंडीरामबुवांनी विचारलं, "कारण काय सांगू?" देवाच्या दारात खोटं कसं बोलावं, म्हणून बाईंनी खरं ते सांगितलं. बुवांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "आजच्या अन्नदानाच्या मानकरी सोजरबाई. चिरंजीव नवनाथ यांचा डोक्याचा आजार बरा झाल्याबद्दल. पिको-फॉलवाल्या विजयश्रीताईंनी औषधपाणी केलं, त्यांचेही त्या आभार मानतात."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कर्णे चारी दिशांना होते. देवाला न बोलता सगळं कळतं असं त्याच मांडवात कीर्तनकार सांगत होते. मग कर्ण्यावरून कुणाला कळवायचं होतं?

पंगतीत नवनाथचा सुपरवायझर रणजीत होता. बुंदी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसपाशी त्यानंच नवनाथला अडवलं, "भावा, तू आता आराम कर."

विजयश्री रणजीतला भेटायला गेली.

"मॅडम, माझा काय विरोध नाय," तो म्हणाला. "पोरं म्हणतात, ह्याच्या शेजारी प्रेस चालवणार नाय."

"इतके दिवस चालवत होतीच की."

"तवा माहीत कुठं होतं?"

कोंडीरामबुवांना विचारलं तर ते म्हणाले, "सांगितलं ते पुकारलं, ताई. आमचं काय चुकलं?"

नवनाथनं गोळ्या घेणं सोडलं. विजयश्री समजवायला गेली तर म्हणाला, "आजारी होतो तवा कुणी काढलं नाही. बरा झालो म्हणून काढलं. मग बरं कशाला व्हायचं?" खोलीमालकानंही वाट दाखवली. मायलेक गावाकडे निघाले. रिक्षात बसताना सोजरबाई मला म्हणाल्या, "म्या तर देवापुढंच बोलले होते, माय." मी पदर नीट करत उभी राहिले.

आता विजयश्रीची पिशवी दिसली की गल्ली घरं मोजते. इथं कोण, तिथं कोण. तीन घरांनी तिला येऊ नको म्हणून निरोप दिला. त्यांच्या गोळ्या कोण बघणार, देव जाणे.

आज उंबऱ्यात उभी असताना मी तिला विचारलं, "सोजरबाईंचा राग येत नाही का गं?"

"कसा येणार? आमच्या पोस्टरवर आम्हीच लिहितो, मनाच्या आजाराबद्दल मोकळं बोला. इतक्या वर्षांत एक बाई मोकळं बोलली." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं.

आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "सुमन, त्या बाईकडं पुन्हा साडी देऊ नकोस. लोक आपल्याकडं बघायला लागलेत."

तिनं ऐकलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं, तेही तिनं पाहिलं. पिशवी खांद्यावर घेतली.

"आता कुठं निघालीस?" मी विचारलं.

"कासारवाडीला. तिकडच्या एका सुनेच्या गोळ्या संपल्यात, नव्या द्यायच्यात."