तेल संपेपर्यंत

देवमनला इंजिनाची भीती बसली ती नोकरीच्या पहिल्याच वर्षी. अमरावतीच्या एका कॉलेजात तो छात्रसेनेच्या मुलांना तारेवर फिरणारी छोटी विमानं उडवायला शिकवायचा. विमानाचं विलायती डिझेल इंजिन लिंबाएवढं, जुनं, कुणीतरी वापरून सोडलेलं. त्यात इथर, रॉकेल नि एरंडेल घालायचं आणि बोटानं पंखा फटकारायचा. एकदा पंखा उलटा फिरला आणि त्याचं बोट हाडापर्यंत चिरलं. तेव्हापासून पंख्याला हात लावणं त्याला नको वाटायचं. पण पोट त्यावरच होतं.

१९६१च्या हिवाळ्यात अकोल्याच्या मैदानावर प्रात्यक्षिक होतं. भोवती दोर, दोराबाहेर गर्दी. मधोमध देवमन, हातात लाकडी मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक पोलादी तारा. विमान त्याच्याभोवती भिरभिरू लागलं. एकदा उडालं की तेल संपेपर्यंत ते थांबवता येत नसे. मूठ सोडली तर थेट गर्दीत घुसणार.

तेवढ्यात मागून, दोराखालून, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आत शिरली. तिची रोजची वाट तीच. इंजिनाच्या किंचाळण्यात लोकांची ओरड तिला ऐकूच आली नाही.

फिरता फिरता देवमनला ती दिसली. तार मानेला लागली तर? त्यानं विमान उंच चढवलं. पण वर वारा होता, तारा सैल पडू लागल्या. आणखी सैल पडल्या असत्या तर विमान दोघांवर कोसळलं असतं.

विमान तिच्या डोक्यावरून गेलं, तशी म्हातारीनं भारा टाकला.

"माय, वाक! वाकून माह्याकडं ये!"

ती रांगतच आली.

"कमरेले धर! सोडू नोको, माह्यासंगं फिर!"

दोघं गरगर फिरू लागले. तिची नखं त्याच्या पोटात रुतली.

"अरे बाप्पा, थांबव नं हे!"

"थांबत नाई, माय! तेल सरू दे!"

अखेर इंजिन खोकलं, गप्प झालं. विमान तरंगत येऊन मातीत घसरलं. दोघं मटकन खाली बसले.

"तुले भेव नाई वाटत काय रे, बापू?"

"लय वाटते, माय. रोज वाटते."

आजवर हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग त्यानं विखुरलेलं गवत बांधलं आणि भारा तिच्या घरी पोचवला. दुर्गाबाई तिचं नाव. तिनं चहा ठेवला. देवमनच्या हातात कपबशी खडखडत राहिली, तेव्हा तिनंच चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्या ओठांना लावली.