भाजलेले कुळीथ

नवरा धनसिंग गेल्यावर रामीबाईनं कळंबकडचा तांडा सोडला आणि यवतमाळच्या एका दवाखान्यात, रक्ततपासणीच्या खोलीत ती कामाला लागली. झाडलोट, काचसामान धुणं आणि कुळीथ वाटणं. कुळीथ कशाला, हे तिला बरेच दिवस उमगलं नव्हतं. मग खोलीच्या डॉक्टर विमलताईंनी एकदा समजावलं. ए गटाच्या रक्तात दोन पोटभेद असतात. कच्चे कुळीथ वाटून मिठाच्या पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी गाळून रक्तात घालायचं. पहिल्या भेदाचं रक्त असलं तर त्याच्या गुठळ्या होतात, दुसऱ्याचं असलं तर ते तसंच राहतं. माणसाच्या रक्तातला फरक डाळीच्या दाण्याला कळतो, याचं रामीबाईला दोन दिवस नवल वाटलं. पुढे वाटून वाटून तेही सरलं.

एकसष्टच्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा धरला. लुगड्याचा पदरही डाव्या हातानं घ्यावा लागे. कच्चा कुळीथ दगडासारखा, पाट्यावर सरकत राहायचा. एका सोमवारी तिनं आठवड्याचे सगळे दाणे तव्यावर खरपूस भाजून घेतले. घरी पिठासाठी ती तसंच करायची. वाटण झटक्यात झालं.

मंगळवारी गुठळ्या झाल्या नाहीत. बुधवारीही नाहीत. तपासनीस विठ्ठलराव रोज पडताळ्याला स्वतःचं रक्त घेत. ते पहिल्या भेदाचं, कधी चुकलं नव्हतं. तेही तसंच राहिलं. विमलताईंना वाटलं नळ्या नीट धुतल्या जात नसाव्यात, की मिठाचं माप चुकतंय. विठ्ठलरावांनी तीन वेळा पाणी बदललं, पुन्हापुन्हा बोट टोचलं. गुरुवारी ताई म्हणाल्या की असंच चाललं तर विठ्ठलरावांच्या जागी दुसरा माणूस मागवावा लागेल. विठ्ठलराव टोचून काळंनिळं झालेलं बोट चोळत उभे राहिले.

रामीबाई दाराशी फडकं पिळत होती. भाजण्याचा आणि या घोळाचा संबंध असेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पण आठवड्यात बदललं होतं ते तेवढंच.

"ताई, विठ्ठलरावले काही म्हणू नका. दाणे म्या भाजले."

"कशाला भाजले, रामीबाई?"

"हात उचलत नाही. भाजले का लवकर फुटते."

विमलताई खुर्चीत बसल्या. रागावण्याइतकाही जोर त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी मूठभर कच्चे दाणे मागितले आणि ते रामीबाईऐवजी स्वतःच वाटले. अर्ध्या तासात त्यांच्या कपाळावर घाम आला. शुक्रवारी त्या कच्च्या दाण्यांच्या पाण्यानं विठ्ठलरावांच्या रक्ताच्या ठसठशीत गुठळ्या झाल्या. भाजलेल्यांचं पाणी शेजारच्या नळीत तसंच मुकं राहिलं. उष्णतेनं दाण्यातलं गुठळ्या करणारं द्रव्य मरतं, असं ताईंनी वहीत लिहून ठेवलं.

विठ्ठलराव आठवडाभर रामीबाईशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनीच सुचवलं की दाणे आधी मिठाच्या पाण्यात भिजवून मग वाटून पाहा. तसं चाललं. दाणे मऊ झाले, पण खांदा काही सुटला नाही. अडुसष्ट सालापर्यंत रामीबाई वाटत राहिली, शेवटची दोन वर्षं डाव्या हातानं.